पडणारी काच झेलायची नसते, काका

काका, तुझ्या मातीला आलेल्या प्रत्येक माणसाने मला एकच वाक्य सांगितलं. "देवीला जमिनीला टेकू दिली न्हाय बघ त्याने." कुणी हात जोडून सांगितलं, कुणी डोळे पुसत, आणि टेम्पोवाल्या रमेशने तर चार वेळा सांगितलं. मी मान हलवत राहिले. आतून ओरडावंसं वाटत होतं, अरे, टेकू द्यायची होती! काच फुटली असती, दुसरी बसवली असती. काका कुठल्या दुकानात बसवून मिळतो?

तू तर तिथेच होतास, तुला काय सांगायचं. पण लोकांनी गोष्ट इतकी घासूनपुसून चकचकीत केली आहे की जे झालं ते एकदा साधं लिहून ठेवते. शनिवारची दुपार, मी दुकानात आलेली. नागावच्या रस्त्यावरचं तुझं फोटोफ्रेमचं दुकान. गावदेवीची कमरेएवढी नवी फ्रेम टेम्पोत चढवायची होती. रमेशने ती मागच्या तारेला धरून उचलली, तार सुटली, फ्रेम पुढे कलंडली आणि तू दोन्ही हात पसरून मध्ये शिरलास. काच तुझ्या हातांवर फुटली. एक तुकडा कोपराच्या आतल्या बाजूने वर घुसला. देवी उभी राहिली. तू खाली बसलास.

एवढंच. यात पुण्य कुठे आहे ते मला कुणी दाखवावं. मला तार दिसते, काच दिसते आणि उघडा हात दिसतो. रमेशवर माझा राग नाही. त्याला देवीची गोष्ट लागते, नाहीतर त्याच्याकडे नुसती तार उरते. हे मला कळतं. पण गावाला का लागते?

तुझ्या हातांना मी लहानपणापासून घाबरत आले. तुझ्या तळहातावर पांढऱ्या रेषा होत्या, मी त्यांना नशिबाच्या रेषा समजायचे, इतक्या होत्या. डाव्या अंगठ्याचं नख मधोमध फाटून तसंच वाढायचं. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं टोक मेलेलं होतं. कधीतरी आतली शीर कापली गेली होती, तेव्हापासून त्याला ना गरम कळायचं ना थंड. तू त्याच बोटाने विस्तवावरचा पापड उलटायचास आणि आम्हा पोरांना म्हणायचास, "बघा, चिमटा घरचाच हाय!" आम्ही हसायचो. मी जरा जास्तच मोठ्याने हसायचे, कारण मला त्या बोटाकडे बघवत नसायचं.

संध्याकाळी दुकान बंद करून आलास की सुगंधाकाकी पडवीत कापूस घेऊन बसायची. काचेची बारीक कुसळं डोळ्यांना दिसत नाहीत. ती तुझ्या तळहातावरून कापूस फिरवायची आणि तंतू जिथे अडकेल तिथे चिमट्याने टोचायची.

"आय गो, आय, सोड ना. उद्या आपसूक निघंल."

"उद्या एका ताटात भात कालवताना निघंल, आनि मग मी गिलीन. हात दे."

"तुझ्या पोटात हिरे जातील. बायको श्रीमंत होईल माझी."

"गप बस."

तिखट कालवण असलं की तू चमचा मागायचास. वाडीतली माणसं चिडवायची, हिराजी सायब झाला, मच्छी चमच्याने खातो. तू हसून घ्यायचास. कापलेल्या बोटांना तिखट झोंबतं हे तू एकदाही कुणाला सांगितलं नाहीस. न सांगण्याची तुला सवयच होती. त्या सवयीबद्दल पुढे बोलते.

मी उरणकडे कंटेनर यार्डातल्या कामगारांसाठी पत्रकं लिहायला लागले, तेव्हा तू मला पुढारीण म्हणायला लागलास. पहिलं पत्रक घेऊन मी दुकानात आले, ‘हात तुमचे आहेत, मालकाचे नाहीत.’ तू ते उभ्या उभ्या वाचलंस, कागद बोटांत चोळलास आणि म्हणालास, "शाई सुटत न्हाय याची. अजून हायत का?" मला वाटलं तुला ती लोकांत वाटायची आहेत, म्हणून गठ्ठाच दिला. दुसऱ्या दिवशी बघते तर तू ती काचांच्या मध्ये घातलेली, एक काच, एक पत्रक, एक काच, एक पत्रक, चरा पडू नये म्हणून. मी भांडले. तू म्हणालास, "काम करतायत ना तुझी पत्रकं? लोकांच्या खिशात गेली तर काय करनार होती?"  

पण तूच मला लिहायला शिकवलंस, हेही सांगून टाकते. काच कापायचा हिरा काचेवर एकदाच मारायचा असतो. तू माझा हात धरून पट्टीला लावून रेघ मारून घेतलीस. "परत मारलास की काच ऐकत न्हाय. एकदाच, आनि न घाबरता." माझी पत्रकं एका पानाची असतात, त्याचं कारण ते आहे. बैठकीत लोक विचारतात, कुठे शिकलीस? मी सांगत नाही. सांगायला हवं होतं, तू असताना.

हातमोज्यांचं भांडण मात्र आपलं अर्धंच राहिलं. मी यार्डातून जाड हातमोजे आणले होते, तळव्याला रबर लावलेले. तू ते चढवलेस, काच उचललीस आणि लगेच ठेवलीस.

"हात आंधला होतो यात. धार कुठं हाय तेच कळत न्हाय."

"धार कळते म्हणूनच कापते ना तुला?"

"काच कापते, तो तिचा धर्म हाय."

"आणि तुझा धर्म काय, कापून घ्यायचा?"

तू हसलास. गिऱ्हाईक आलं. मोजे खिळ्याला लटकले. पुढे होमस्टेवाल्यांची मोठमोठी कामं यायला लागली, भिंतभर समुद्राचे फोटो, एकट्याने न पेलणाऱ्या काचा, तरी ते मोजे तिथेच. मी आले की एखादा चढवायचास, माझी पाठ फिरली की काढायचास. मला दिसायचं रे.

तुझं एक सूत्र मात्र पक्कं होतं. मी दहा वर्षांची असेन, दुकानात लुडबुडत होते, तेव्हा तू मला समोर उभं करून म्हणालास, "काच पडली की हात वर, पाय मागं. घरदार पडू दे, आभाल पडू दे, काच झेलायची न्हाय. म्हन." मी म्हटलं. तू परत म्हणायला लावलंस. या एका वाक्याने माझे हात शाबूत आहेत. तुझ्याकडे काम शिकून गेलेल्या सगळ्यांचे आहेत.

आणि गेल्या गणपतीच्या आधी, कामाची रीघ लागली होती तेव्हा, मी सहज विचारलं, "काका, देवाचा फोटो पडत असला तर?"

तू हातोडी थांबवलीस. "देवाला पडू द्यायचं?"

"काच तीच आहे ना?"

"काच तीच. पन मागं कोन बसलाय ते बघ ना. कुनाचा देव असतो, कुनाचा मेलेला बाप. लोकं विश्वासाने देतात. तो पडला तर त्यांना रात्री झोप लागंल? अपशकुन धरतात गो." मग माझ्याकडे वळलास. "तू झेलनार न्हायस?"

मी खिळ्यांचा डबा पुढे सरकवून विषय टाळला.  ते भांडण तिथेच थांबलं. तू शनिवारी तुझ्या बाजूने ते पुरं केलंस, आणि मला बोलायची संधीच ठेवली नाहीस.

दवाखान्याकडे जाताना रिक्षात तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि काकी दोन्ही हातांनी टॉवेल दाबून होती. शनिवार म्हणजे सगळी मुंबई आमच्या रस्त्यावर. समुद्राकडे येणाऱ्या गाड्या, त्यांच्या टपांवर पोहायच्या फुगवलेल्या रबरी ट्यूब, खिडक्यांतून गाणी. रिक्षा नारळाच्या वाडीच्या कुंपणाला चिकटून उभी राहिली. मी खाली उतरले, पुढे धावले, गाड्यांच्या बॉनेटवर हात आपटत ओरडले. एकाने काच खाली घेऊन विचारलं, "मॅडम, क्या हुआ? एक्सिडेंट?" त्याच्या मागच्या सीटवरच्या बाईने माझे हात बघितले आणि काच वर घेतली. मग गाड्या हलल्या. सगळ्या वाईट नव्हत्या. एक मुलगा तर आमच्यापुढे पळत रस्ता मोकळा करत गेला. पण वेळ गेला होता.

परत आत बसले तेव्हा काकी टॉवेलकडे बघत पुटपुटत होती. "थांबत न्हाय. गोली चालू हाय याची. गोली चालू हाय." कसली गोळी? रक्त पातळ करायची. छातीत दुखलं तेव्हा डॉक्टरने दिलेली. आणि त्यानेच बजावलं होतं, काचेचं काम सोड. हे मला तिथे, रिक्षात, तुझ्या रक्तात बसून कळलं. तू मला का सांगितलं नाहीस? पुढारीण तुझ्यावर पत्रक काढेल म्हणून? काढलं असतं. घरोघर वाटलं असतं. सगळ्या नागावात तुझी लाज काढली असती, पण तुला काच कापायच्या टेबलापाशी उभं राहू दिलं नसतं. तुला ते माहीत होतं, म्हणूनच नाही सांगितलंस. या गोष्टीवर मी तुझ्याशी रोज भांडते. तू नसल्याने दोन्ही बाजू मलाच बोलाव्या लागतात.

मध्येच तू डोळे उघडलेस. विचारलंस, "देवी?"

मी म्हटलं, "उभी आहे."

तुझ्या कपाळावरची आठी गेली. काका, त्या आठीचा मला इतका राग येतो. जीव जात होता आणि तुला बरं वाटलं. आणि मीच ते बरं वाटणं तुझ्या हातात ठेवलं, याचं मला समाधानही आहे. दोन्ही एकदम आहे. मला त्यातून एक निवडता येत नाही.

तुझ्या दिवसकार्याच्या आधी देवीच्या मंडळाची पोरं आली. फ्लेक्स लावायचा होता, देवीच्या बाजूला तुझा फोटो. "ताई, तू लिहितेस ना, मजकूर दे. ‘देवीसाठी देह ठेवला’ असं काहीतरी." मी म्हटलं, मी लिहिते. आणि लिहिलं: ‘हिराजीकाका काच झेलताना गेले. पडणारी काच कुणीही झेलू नका.’ पोरांनी वाचलं, एकमेकांकडे बघितलं. एक म्हणाला, "हे कसं, ताई, म्हावऱ्याच्या दुकानात काटे जपून खा लिहिल्यासारखं वाटतं." दुसरा हसला आणि मग मला बघून हसायचा थांबला. फ्लेक्स त्यांनी त्यांच्या मजकुराने लावला. तो आजही नाक्यावर आहे. त्यात तू खूप गोरा दिसतोस.

मी तो फाडायला निघाले होते. काकीने अडवलं. "ऱ्हाऊ दे. मना दुकान चालवायचं हाय."

तिथून माझी खरी भीती सुरू झाली. तू गेल्याचं दुःख वेगळं आहे, ते कुठेही बसून करता येतं. ही भीती मला बसू देत नाही. काकीने दुकान उघडलं. तिला काम येतं, तुझ्या मागे उभं राहून इतकी वर्षं तिनेच काचा पुसल्या, मागचे पुठ्ठे ठोकले. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक आधी नाक्यावरचा फ्लेक्स बघतं, मग दुकानात येऊन तिला हात जोडतं. "वहिनी, नशीबवान गो तू. असं मरन कुनाला येतं?" ती मान खाली घालते. मी कोपऱ्यात उभी असते आणि मला दिसतं, हे कौतुक तिच्या हातांत उतरतंय. उद्या एखादा गणपती कलंडला, एखाद्याचा बाप टेबलावरून घसरला, तर ती काय करणार? हिराजीची बायको हात वर करून बघत राहिली, असं गाव म्हणेल. ती झेलणार. तिला झेलावंच लागणार. तुझं मरण जितकं मोठं होतंय, तितकी ती त्या धारेच्या जवळ सरकतेय.

मला आता सगळीकडे काच ऐकू येते. बशी बशीवर ठेवली तरी मी दचकते. यार्डाच्या बैठकीत बसलेले असते आणि वाटतं, आत्ता, या क्षणी पडतेय. मग फोन करते. काकी म्हणते, "जित्ती हाय. ठेव."

एके दिवशी फोन उचलला नाही. मी मिळेल त्या वाहनाने आले. दुकान उघडं, आत कुणी नाही. मागच्या परसातून आवाज आला, काच फुटल्याचा. मग थोडी शांतता. मग परत.  मी मागे धावले.

लोक घरातल्या तडकलेल्या देवांच्या तसबिरी गुपचूप तुझ्या दुकानाच्या पायरीवर ठेवून जातात ना, तुटलेल्या काचेचा देव घरात नको म्हणून, आणि तू काच काढून कागद विसर्जनाला द्यायचास, त्या जुन्या काचांचा ढीग काकीने परसात आणला होता. जमिनीवर पोती अंथरली होती. तिच्या पायात तुझे जाड बूट, हातात ते मोजे. ती एकेक तडकलेली काच छातीपर्यंत उचलत होती आणि सोडत होती.

"काय करतेस?"

"शिकतेय."

"काय?"

"सोडायला."

मी तिथेच पायरीवर बसले. तिने पुढची काच उचलली, सोडली, आणि काच सुटताच तिचे दोन्ही हात तिच्यामागे खाली गेले. फुटून गेल्यावर तिने स्वतःच्या हातांना शिवी दिली. अशी, की तू ऐकली असतीस तर कौतुक केलं असतंस. "बघितलास? न्हाय म्हनते मी, तरी जातात. पोर पडताना जातात ना, तसं जातात." परत उचलली. परत सोडली. परत हात गेले.  मी म्हटलं, काकी, बंद कर दुकान, मी काम करते आहे, आपण दोघी जगू. ती म्हणाली, "दुकान बंद केलं तरी हात हेच ऱ्हानार माझे. घरात बरनी पडली तरी हेच. हातालाच शिकवलं पायजे." आणि मग, पुढची काच उचलत, "तू आडवू नको, नुसतं ‘वर’ म्हन."

म्हणून मी म्हटलं. ती सोडायची, मी ओरडायचे, "वर!" शेजारच्या वाडीतून कुणीतरी विचारलं, काय चाललंय? काकी म्हणाली, "कवायत!" दुपार गेली. मग मी आले की आम्ही हेच करायला लागलो. मी भित्रीसारखी डोळे मिटून ओरडायचे. कधीतरी डोळे उघडले तर तिचे हात कानांपर्यंत वर होते आणि काच पोत्यावर चुरा झाली होती. ती हसली नाही. दमली होती नुसती.

आता कालचं. हे सांगायलाच बसले आहे खरं तर.

वरच्या आळीतली जनीमावशी आली होती, नव्या घरात लावायला दत्ताची तसबीर न्यायला. काकीने ती भिंतीवरून उतरवली, कपड्याने पुसली, पुढे केली. मावशी पिशवी उघडत होती. तिला वाटलं काकीने धरलंय, काकीला वाटलं मावशीने धरलं. तसबीर दोघींच्या मधून सुटली.

मला ‘वर’ म्हणायचं सुचलंच नाही.  मी फक्त काकीचे हात बघितले. ते आधी खाली निघाले. खरंच निघाले, काका, वीतभर. आणि मग थांबले आणि वर गेले. एक पाय मागे गेला. दत्त फरशीवर तोंडावर पडले.

मावशी किंचाळली. "अगो! देव पाडलास! हिराजीच्या दुकानात देव पाडलास!"

काकी हात वर धरूनच उभी होती. तिचा आवाज अगदी साधा होता. "देवाला लागत न्हाय, मावशे. मना लागतं."

मावशी पिशवी तिथेच टाकून गेली. आत्तापर्यंत सगळ्या आळीला कळलं असेल. गिऱ्हाईकं कमी होतील, फ्लेक्सखाली उभं राहून लोक बोलतील. त्याची भीती मला आहेच. पण काल मी आधी काकीचे हात खाली घेतले, ते तिला खाली घेता येत नव्हते. पंजे उलटे केले, सुलटे केले, कोपरापर्यंत बाह्या सारल्या. कुठे ओरखडा नाही. मी परत बघितले. मग ती बोलली, माझ्याकडे न बघता.

"मी हात वर केलं ना गो, तवा तुझा काका चुकला असं झालं."

दुकानात आम्ही दोघीच होतो. मला खोटं बोलता आलं असतं. रिक्षात जे खरं होतं तेच बरं वाटणारं होतं, इथे तसं नव्हतं. मी म्हटलं, "चुकलाच तो, काकी."

मला वाटलं ती मला मारेल. ती खाली बसली, आणि तू गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने रडली, फुटलेल्या काचेपासून हातभर लांब, हात मांडीवर घट्ट धरून. "चुकला," ती म्हणाली. "चुकला माझा मानूस. चांगला होता आनि चुकला." किती तरी वेळ तेच म्हणत राहिली. मग उठली, झाडू आणला, आणि मला म्हणाली, "पाय मागं घे, तुझ्या चपला पातल हायत."